न सोडणारा काय म्हणतो

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते त्या काळातली ही गोष्ट. शाळेत माझी कविता शिकवण्याची हातोटी प्रसिद्ध होती असं मला वाटायचं. प्रत्यक्षात प्रसिद्ध होता तो माझा राग. म्हणूनच बहुधा कुणीतरी कॅम्पात राहणाऱ्या एका निवृत्त पाळकांना माझं नाव सुचवलं. ते बायबलचं नव्याने मराठी करत होते, थेट मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यांना हवी होती मराठी बऱ्यापैकी जाणणारी, चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेली आणि तोंडावर बोलणारी बाई. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तर माझ्यात नक्कीच होत्या.

बाहेरचं माणूस का हवं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आमच्या लोकांचे कान लहानपणापासून जुन्या मराठीला सरावलेत. जे कळत नाही तेही त्यांना कळल्यासारखं वाटतं. तुम्हाला नाही कळलं तर तुम्ही चिडाल. मला ते चिडणं पाहिजे."

असं आमंत्रण मला आयुष्यात पुन्हा कुणी दिलं नाही.

रहिमतपूरला घरी सांगितलं तेव्हा वडील अंगणात उसाच्या कांड्या निवडत होते. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. "पाद्र्याकडं? जा की," ते म्हणाले. "मानसं चांगली असत्यात ती. फकस्त त्येला शुद्धलेखन शिकवत बसू नगंस. म्हातारा मानूस हाय, जीव जाईल त्येचा."

मग दर शनिवारी शाळा सुटली की मी कॅम्पात जायची. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे पडवी. पडवीत टेबल, टेबलावर जाड पुस्तकं. मी त्यांना सर म्हणायची, कारण पाळक होण्याआधी ते शाळेत शिकवत असत. ते मला बाई म्हणत. टेबलावरून दाराआड एक खाट दिसायची, आणि खाटेवर त्यांची बायको. त्यांना मी काकू म्हणू लागले. आदल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. पण कान आणि डोळे लख्ख होते. खाट मुद्दाम अशी लावली होती की पडवीत बोललेलं सगळं त्यांना ऐकू यावं. सरांनी केलेल्या प्रत्येक ओळीची पहिली श्रोती त्याच. पूर्वी चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकायच्या, आता पडून.

पहिल्या शनिवारी सरांनी मला विचारलं, "हिब्रूत एखादी गोष्ट पूर्ण आहे, तिच्यात कुठे फट म्हणून नाही, हे सांगायचं असलं तर तोच शब्द दोनदा ठेवतात. शांती म्हटलं की पुन्हा शांती. मराठीत तसंच ठेवू?"

"ठेवा की," मी म्हणाले. "आपणही म्हणतोच, शांत शांत."

"कधी म्हणता?"

मी आठवू लागले. आठवली ती माझी आई. भाऊ पलटणीत रुजू व्हायला गेला त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, घर कसं शांत शांत वाटतंय. म्हणताना पदराने डोळे पुसत होती.

मी हे सांगितल्यावर सर एवढे खूश झाले की खुर्चीतून उठलेच. "म्हणजे उणं आहे! काहीतरी उणं असलं की मराठी माणूस दोनदा म्हणतो! मी ते तसंच ठेवलं असतं तर देवाने दिलेल्या शांतीत सगळे आपले रडत बसले असते." त्या दिवशी पुढचे दोन तास आम्ही एकाच शब्दाशी झगडलो. मी निघाले तेव्हा ओळ तिथेच होती आणि सरांचा चेहरा मात्र मेजवानीहून आल्यासारखा होता.

मला तेव्हा वाटायचं, भाषांतर म्हणजे काय, या डब्यातलं त्या डब्यात ओतायचं. सरांच्या पडवीत बसल्यावर कळलं की डबे एका मापाचे नसतात. हिब्रू माणसाला एखादी गोष्ट ठासून सांगायची असली की तो तेच क्रियापद दोनदा वापरणार. सगळं, अगदी सगळं म्हणायचं असलं की दोन टोकांची नावं घेणार आणि मधलं ऐकणाऱ्यावर सोडणार. या दुसऱ्या ठिकाणी मराठी नुसती धावत यायची. उठता-बसता, येता-जाता, लहानथोर, आगापिछा. सर म्हणायचे, "इथे आपण काही करायचं नाही बाई, नुसतं वाटेतून बाजूला व्हायचं." आणि खरंच खुर्ची मागे सरकवायचे.

आपल्या भाषेवर इतकं प्रेम करणारा माणूस मी मराठीच्या प्राध्यापकांतही पाहिला नव्हता. ते मंडईत वांगी घ्यायला गेले तरी कान उघडे. हिरवंगार, काळंकुट्ट, पिवळंधमक, पांढरंशुभ्र. हिरव्याचा गार काळ्याला चालत नाही आणि पिवळ्याचा धमक पांढऱ्याला चालत नाही, याचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक. एकदा मला म्हणाले, "ठार आंधळा म्हणतात, ठार बहिरा म्हणतात, ठार वेडा म्हणतात. मग ठार शहाणा का म्हणत नाहीत?"

"कारण अजून कुणी बघितला नाही," मी म्हणाले.

आतून खाटेवरून काकूंचं हसू ऐकू आलं. अर्ध्या तोंडाचं, पण खळखळून. सर ते ऐकत तसेच उभे राहिले. त्या हसण्यासाठी त्यांनी अख्खं बायबल सोडून दिलं असतं असं मला तेव्हा वाटलं आणि मग उगाच वाटलं म्हणून मीच माझ्यावर वैतागले.

सरांची कामाची एक रीत होती. केलेला भाग पूर्वी कधी न ऐकलेल्या माणसांना वाचून दाखवायचा आणि मग विचारायचं, काय कळलं ते तुमच्या भाषेत सांगा. समजलं का, असं विचारायचं नाही. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. समजलं का म्हटलं की सगळी मान डोलावणार, व्हय व्हय, समजलं की. वाचणाऱ्याने मधे एक शब्दही समजावून सांगायचा नाही, ही दुसरी अट. पुस्तक लोकांच्या घरी जाईल तेव्हा सर काही त्यांच्या उशाशी समजावत बसणार नव्हते. पण त्यांचा जन्म शिकवण्यात आणि प्रवचनात गेलेला, गप्प बसणं कठीण. म्हणून वाचन सुरू झालं की ते तोंडात लवंग धरायचे. लवंग आहे तोवर तोंड उघडायचं नाही. चुकीचं काही ऐकलं की त्यांच्या जबड्याची हालचाल वाढायची, कपाळावर घाम यायचा, पण लवंग बाहेर यायची नाही.

मला स्वतःला असा नियम कुणी घातला असता तर मी लवंगांचं झाड संपवलं असतं.

त्या उन्हाळ्यात आमचं काम एका ग्रीक वाक्यापाशी आलं. वाक्य लहान आहे. देव माणसाला सांगतो की मी तुला सोडणार नाही. पण ग्रीकमध्ये ते असं साधं नाही. मराठीत दोन नकार एकत्र आले की माणूस गोंधळतो. ग्रीकमध्ये ते एकमेकांना बळ देतात. आणि या वाक्यात तर नकारांची रांगच लागलेली. सर मोठ्याने ग्रीक वाचायचे तेव्हा मला एक अक्षर कळायचं नाही, पण दाराला आतून एकामागोमाग कड्या लागतायत हे ऐकू यायचं.

यावर मी मेहनत घेतली. बरीच घेतली. शेवटी जे तयार झालं ते मला फार आवडलं होतं: मी तुला कधीही, मुळीच, कदापि सोडणार नाही, नाही, तुला एकटं पडू देणारच नाही. सरांनी ते दोनदा वाचलं. "मूळचे सगळे नकार आले," म्हणाले. काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना झोप येत असेल असं मी धरून चालले.

याच सुमारास बंगळूरहून बोलावणं आलं. मे महिन्यात तिथे समितीची बैठक होती, चांगली दोन-तीन आठवड्यांची. सरांनी केलेला सगळा भाग तिथे ओळीओळीने वाचला जाणार आणि कायमचा ठरणार. ज्याने केला त्याने समोर बसून बाजू मांडायची. तो नसला तर बाकीचे आपल्या मताने बदलणार, आणि मग छापलं ते छापलं. सरांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं त्या कागदांत गेली होती. काकूंपाशी त्यांची भाची येऊन राहायची होती. त्यामुळे सर जाणार हे ठरल्यासारखंच होतं. काकूंना मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं माहीत होतं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तो आला तेव्हा सर जवळ नसतील, याचीच त्यांना भीती होती. हे त्यांनी सरांना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही डोळ्यांनी कपाटावरच्या वळकटीकडे बघून, "हे गेलं... आन तवाच..." एवढंच.

जाण्याआधी एकदा तो भाग कुणाला तरी वाचून दाखवायचा होता. सरांचा एक जुना विद्यार्थी तासगावकडे द्राक्षबागायतदार होता. त्याच्या शेडात बेदाणे निवडायला बायका बसायच्या. तिथे जायचं ठरलं. एसटीने सांगली, तिथून दुसऱ्या एसटीने तासगाव, आणि पुढे त्याचा ट्रॅक्टर. सरांनी कोट घातला होता, ट्रॅक्टरवरसुद्धा.

शेडात पत्र्याखाली उकडत होतं आणि बेदाण्यांचा गोड वास नाकात जाऊन बसत होता. बायका गोल करून बसल्या होत्या. बऱ्याचशा पूर्वेकडच्या कोरड्या गावांमधून आलेल्या. दुष्काळ सरून फार काळ झाला नव्हता, त्यात मेंढरं गेलेली, म्हणून हाताला मिळेल ते काम. सरांनी सांगितलं, एका जुन्या पुस्तकाचं मराठी करतोय, कानाला कसं लागतं ते बघायचंय. "वाचा की," त्या म्हणाल्या, "हात आमचं मोकळं न्हाईत, कान हायती."

सरांनी तोंडात लवंग टाकली. मी वाचायला लागले. आधीचा भाग बायकांनी असा काही परत सांगितला की मी थक्क झाले. कुणाचं काय चुकलं, कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं. मग ते वाक्य आलं. मी ते मुद्दाम संथ वाचलं, प्रत्येक नकारावर जोर देऊन. क्षणभर सगळे हात थांबले. मग कोपऱ्यातली एक तरुण बाई तोंडाला पदर लावून खुदकन हसली. तिच्या शेजारची हसली. आणि मग सगळं शेडच हसायला लागलं.

माझं डोकं फिरलं. "हसायला काय झालं?"

त्यातली वयाने मोठी होती ती म्हणाली, "बाई, राग धरू नगा. पर ह्ये बोलनं जानाऱ्याचं हाय."

"जाणाऱ्याचं म्हणजे?"

"दुष्काळात माझा जावई कामाला गेला. जाताना उंबऱ्यात हुबा ऱ्हाऊन असंच. तुला सोडनार न्हाई, कद्दी सोडनार न्हाई, देवाची आन, पोराची आन. पोरगी म्हनली, आई, लय चांगला नवरा हाय गं माझा." ती हातातला बेदाणा निरखत राहिली. "अजून येतुया त्यो."

आता कुणी हसत नव्हतं. हसलेली तरुण बाई खाली मान घालून काड्या वेचत होती. ती तिची मुलगी होती हे मला तेव्हा कळलं.

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता खचणार. महिन्याची मेहनत एका हशात गेली. पण सरांनी लवंग तळहातावर काढली. तोंडावर हिरमोड नव्हता. त्या पहिल्या शनिवारसारखाच चेहरा झाला होता, फक्त या वेळी डोळे ओले होते. नियम मोडून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मग न सोडणारा काय म्हणतो?"

यावर बायकांत वाद झाला. एक म्हणाली, तो काहीच म्हणत नाही. दुसरी म्हणाली, असं कसं, काहीतरी म्हटलंच पाहिजे, बाईमाणसाला ऐकायचं असतं. तिसरी म्हणाली, तिचा नवरा सांगलीला हमालीला जायचा तेव्हा नुसतं "येतो" म्हणायचा, पायात वहाण घालायचा, आणि यायचा. "म्हनतो त्यो, पर येकदाच म्हनतो," असं शेवटी कुणीतरी म्हणालं, पण ते सगळ्यांना पटलं असंही नाही. सर प्रत्येकीकडे वळून ऐकत होते.

परतीच्या एसटीत मी तोंड फुगवून बसले. सर खिडकीतून बाहेर बघत होते. सांगली आल्यावर म्हणाले, "एकच नकार ठेवू या."

"सर! मुळात इतके आहेत. उद्या समिती म्हणेल, साताऱ्याच्या पाद्रीसाहेबांनी देवाचे नकार खाल्ले."

"ग्रीक माणसाला ते ऐकून जेवढं घट्ट वाटलं, तेवढं त्या मुलीला वाटलं पाहिजे. नकार मोजून द्यायला मी काय दुकान मांडलंय?" मग थोड्या वेळाने, "तुमच्या वडिलांना विचारा, फौजेत हुकूम किती वेळा देतात?"

विचारायची गरज नव्हती. घरात जन्म गेला होता. "एकदाच. दोनदा दिला तर पहिला कुणी ऐकला नाही असं समजायचं."

"बघा," सर म्हणाले, आणि मला शेंगा घेऊन दिल्या.

साताऱ्याला पोचेपर्यंत वाक्य तयार झालं होतं. मी तुला सोडायचा नाही. बस्स. आजूबाजूला काही नाही. ज्याला मुळीच सोडायचं नाही तो आमच्याकडे असंच बोलतो. मी रागातच लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता माझा राग गेला. घरी पोचल्यावर सर हातपाय धुवायला मागे गेले तेव्हा मी काकूंच्या खाटेवर बसून त्यांना शेडातली सगळी हकिकत सांगितली. जावई, हसू, सगळं. काकूंनी डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

निघायचा दिवस आला. मी दुपारी स्वच्छ टाईप केलेले कागद घेऊन गेले. दारात टांगा उभा होता. वळकटी बांधून झाली होती, भाची स्वयंपाकघरात होती. सर काळा कोट घालून काकूंच्या उशाशी खुर्चीवर बसले होते. काकू कौलांकडे बघत होत्या. मी दारातच थांबले.

"हे बघ," सर म्हणत होते, "मी लगेच येतो. अगदी लगेच. तू काळजी करू नकोस, मुळीच करू नकोस. मी तुला कधी सोडलंय का? कधीच नाही. आणि कदापि सोडणार नाही. काही होणार नाही तुला, बघ तू, मी येतोच..."

माझ्या हातातले कागद मला जड झाले. कधीच, मुळीच, कदापि. माझंच वाक्य होतं ते, आम्ही तासगावला टाकून आलेलं.

काकूंनी मान वळवली. एक एक शब्द जिभेवर ओढून आणत त्या म्हणाल्या, "आवं... लय बोलला."

सर थांबले. बाहेर घोडा पाय आपटत होता. मग सर वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही खाटेखाली सरकवले.

"बाई, टांगेवाल्याला जा म्हणा."

"सर, तुमची इतक्या वर्षांची मेहनत! तुम्ही नसलात तर ते सगळं बदलतील. ते वाक्य तर पहिलं बदलतील."

"इथे ते खोटं करून गेलो तर तिथे कुठल्या तोंडाने वाचू?" ते एवढंच म्हणाले. मग काकूंकडे वळले आणि हळू म्हणाले, "मी जायचा नाही."

एकदाच म्हणाले. काकूंनी डोळे मिटून घेतले. मी बाहेर गेले, टांगेवाला माझ्यावर चिडला, मी त्याच्यावर दुपटीने चिडले आणि चिडता चिडता तिथेच रस्त्यावर रडले. बिचारा घाबरून निघून गेला.

बंगळूरला मी गेले. उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि सरांच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी नव्हतं. वडील मिरजेपर्यंत सोडायला आले. गाडी बदलून दिली, खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "तिथं हिब्रूवाली मानसं असतील. तू आपली मराठीत भांड."

मी मराठीत भांडले. समितीत सगळे विद्वान, सगळे पुरुष, आणि सगळे माझ्याशी इतके अदबीने वागत की मला आणखी राग येई. बाकीचा भाग बराचसा नीट पार पडला. सरांचं काम इतकं पक्कं होतं की मला नुसतं वाचायचं होतं. खरी अडचण आली ती त्या वाक्यावर. एकाने नकार मोजून दाखवले. दुसरा म्हणाला, "सोडायचा नाही? देव असा रहिमतपूरच्या बाजारात उभा असल्यासारखा बोलेल का?"

"रहिमतपूरला आला तर बोलेल," मी म्हणाले.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. मी सरांची लवंगेची डबी बरोबर आणली होती, पण मला तो नियम जमला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. शेडातला हशा, तो जावई, टांगा, बूट. मी वाईट सांगितलं, मागचं पुढे झालं. सांगून झाल्यावर ज्याने नकार मोजले होते त्याने चष्मा काढून पुसला. अध्यक्ष म्हातारे होते, त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "वर हेच राहू द्या. मूळचा जोर किती आहे ते खाली टिपेत सांगू. पुढचं वाचा."

साताऱ्याला उतरले ती थेट कॅम्पात गेले. भाची आपल्या गावी परत गेली होती. सर चुलीपाशी बसून भाकरी भाजत होते. त्यांच्या भाकऱ्या कडेला फाटायच्या आणि मधे कच्च्या राहायच्या, पण काकू त्या दुधात कुस्करून खात. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण दुसरा झटका आला नव्हता.

"झालं, सर," मी दारातूनच ओरडले. "राहिलं वाक्य!"

सर उठले नाहीत. तव्याकडे बघतच म्हणाले, "मला नंतर सांगा. आधी तिला वाचून दाखवा. आपल्या नियमाने." आणि फळीवरची लवंग तोंडात टाकली.

मी खाटेशी बसले. कागद काढला. आधीच्या ओळी वाचल्या, मग ते वाक्य वाचलं, जोर न देता, जसं आहे तसं. मग विचारलं, "काय कळलं, काकू? तुमच्या भाषेत सांगा."

आतून भाकरी करपल्याचा वास आला. काकूंनी हळूहळू मान त्या वासाच्या दिशेला वळवली. तिथे सरांची चुलीवर वाकलेली पाठ दिसत होती.

"हाय की," काकू म्हणाल्या. "हितंच हाय."

सरांना ते ऐकू गेलं असणार. पण त्यांच्या तोंडात लवंग होती.